यादी लागण्याआधी

मोठ्या कंपनीची घसरण बाहेरच्यांना शेअरच्या भावात दिसते. आत काम करणाऱ्यांना ती त्याच्या बरीच आधी दिसलेली असते, पण तिला घसरण म्हणायला मन धजत नाही. कुणी निवृत्त झालं की ती जागा भरली जात नाही. "पुढच्या तिमाहीत बघू" असं म्हणत म्हणत वर्ष निघून जातं. अमुक प्रॉडक्ट बंद होणार असं कुणी बोलत नाही, मात्र त्याच्या आढावा बैठकीला वरिष्ठ येईनासे होतात. ज्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सबद्दल कधी कुणी विचारत नव्हतं, त्याला तीन-तीन मंजुऱ्या लागायला लागतात. मग एका सकाळी सगळ्यांना एकच ईमेल येतो आणि त्यात 'कठीण निर्णय' हे शब्द असतात.

मी अशाच एका कंपनीत बरीच वर्षं काम करते आहे. कपातीच्या काही फेऱ्या होऊन गेल्या, पुढची जाहीर झाली आहे. थांबायचं की निघायचं, हा प्रश्न सध्या आमच्याकडे प्रत्येकाच्या मनात आहे आणि त्यावर मोकळेपणाने फार थोडे लोक बोलतात. जे बोलतात तेही बहुधा अंदाज सांगतात: कुठला विभाग जाणार, कुणाचं खरं नाही.

एक गोष्ट जरा जवळून सांगते. ग्राहकांचे हिशेब रोज रात्री जुळवून पाहणारी एक जुनी प्रणाली आमच्या टीमकडे आहे. आमच्याकडे प्रत्येक तांत्रिक नोंदीच्या माथ्यावर ते काम कुणाच्या जबाबदारीत आहे त्यांची नावं असतात. माणूस कंपनी सोडून गेला की त्याचं नाव राखाडी होतं. गेल्या कपातीनंतर थोड्याच दिवसांत ते रात्रीचं काम मध्येच अडकलं. मी नोंद उघडली, तर वरची सगळी नावं राखाडी. खाली फार जुनी एक टीप होती: "या तीन पायऱ्यांचा क्रम बदलू नका. कारण हवं असेल तर मला विचारा." टीप लिहिणाऱ्या बाईंना मी ओळखत होते. नुकताच त्यांना नारळ मिळाला होता. ज्या पद्धतीने त्यांना काढलं, त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नसता तरी मला वाईट वाटलं नसतं. त्यांनी तो उचलला. सुट्टीच्या दिवशी जमा झालेल्या रकमा दोनदा मोजल्या जाऊ नयेत म्हणून तो क्रम होता, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "हे आता तू नीट लिहून ठेव गं. पुढच्याकडे माझा नंबर नसणार."

घसरण म्हणजे काय, हे मला त्या फोनवर जेवढं लख्ख कळलं तेवढं कुठल्याही तिमाही निकालातून कळलं नव्हतं. गेलेला नफा परत मिळवता येतो. एखादी गोष्ट तशी का आहे हे ज्यांना माहीत होतं ती माणसं गेली, की उरलेल्यांना फक्त ती तशी आहे एवढंच माहीत राहतं.

कपात जाहीर झाली की सगळ्यांची बुद्धी एकाच कामाला जुंपली जाते, ते म्हणजे यादीत कोण असेल हे ओळखणं. कोण कुणाच्या बैठकीला होतं, कुणाचा प्रकल्प पुढे ढकलला, मॅनेजरने आज नजर का चुकवली. यात किती संध्याकाळी जातात याची मोजदाद नाही, आणि हाती काही लागत नाही. कारण मोठ्या कंपनीत यादी बहुतेक वेळा नावांपासून सुरू होतच नाही. आधी वाचवायच्या पैशांचा आकडा ठरतो. तो विभागांत वाटला जातो. मग कुठलं प्रॉडक्ट, कुठलं ठिकाण, कुठला पगाराचा स्तर हे बघितलं जातं. नावं शेवटी येतात, आणि तुमच्या थेट वरिष्ठाला पुष्कळदा ती आदल्या दिवशी कळतात. नोकियाचा फोनचा व्यवसाय २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने १८,००० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. त्यातल्या सुमारे १२,५०० नोकियाकडून आलेल्या लोकांच्या होत्या. त्या तीन महिन्यांत कुणी किती जीव तोडून काम केलं, याचा त्या आकड्याशी काय संबंध असणार?

मी माझ्या मॅनेजरला सरळ विचारलं होतं. तो म्हणाला, "मला माहीत नाही. आणि आज मी काही सांगितलं, तरी पुढच्या आठवड्यात ते तसंच राहील याची मला खात्री नाही." हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. तेव्हापासून माझं नाव यादीत असेल का, या प्रश्नावर मी वेळ घालवणं बंद केलं. ज्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याच्या हातात नाही आणि ज्याला विचारावं त्याच्याही हातात नाही, त्यावर आयुष्याचा निर्णय टांगून ठेवण्यात काय अर्थ आहे?

जात्यातले रडतात, सुपातले हसतात अशी आपल्याकडे म्हण आहे. कपातीनंतर मात्र सुपातलेही हसत नाहीत. ते शांतपणे बायोडेटा काढतात. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं, की कंपनीने एक टक्का लोक कमी केले तर स्वतःहून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे एरवी शंभरातले दहा सोडून जात असतील, तर आता तेरा जातात. हे वरचे तीन कोण असतात, ते महत्त्वाचं. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं होतं, की एखाद्या संस्थेचा दर्जा खालावू लागला की ज्यांना दर्जाची सर्वांत जास्त चाड असते तेच आधी बाहेर पडतात, आणि म्हणून आतून आवाज उठवणारेच नेमके कमी होतात. आमच्याकडे हे मी डोळ्यांनी बघितलं. बैठकीत "हे चुकतंय" असं म्हणणारी दोन-तीन माणसं होती. ती गेली. त्यानंतर बैठका लवकर संपायला लागल्या आणि त्या लवकर संपतात याचं वरून कौतुकही झालं.

थांबण्याची जी कारणं लोक देतात त्यातली बरीचशी मला पटतात, पण एका कारणाबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. ते म्हणजे पॅकेज. "एवढी वर्षं काढली, आता स्वतःहून कशाला जाऊ, काढतील तेव्हा भरपाई घेऊन जाईन." हिशेब म्हणून यात चूक काही नाही, आणि जिथे कंपनीच्या खजिन्यात पैसा आहे, तिथे तो पुष्कळदा बरोबरही ठरतो. पण हा हिशेब मांडताना आपण कंपनीला उधार देतोय, हे लक्षात ठेवायला हवं. कॅनडाची नॉर्टेल ही एके काळी दूरसंचार उपकरणांतली बलाढ्य कंपनी होती, २००० साली तिच्याकडे नव्वद हजारांहून जास्त लोक होते. जानेवारी २००९ मध्ये तिने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं आणि काढून टाकलेल्या लोकांची सेव्हरन्सची, म्हणजे नोकरी जाताना द्यायच्या भरपाईची, देणी थांबवली. ज्यांना हप्त्याहप्त्याने रक्कम मिळत होती त्यांचेही हप्ते बंद झाले. नोकरी गेली होतीच, आता ते विनातारण धनको, म्हणजे ज्यांच्या येण्याला कशाचंही तारण नाही असे लोक, म्हणून इतर धनकोंसोबत रांगेत उभे राहिले आणि ती रांग कित्येक वर्षं चालली. पॅकेजसाठी थांबायचं असेल तर कंपनीचं नाव किती मोठं आहे यापेक्षा तिच्याकडे रोकड किती आणि कर्ज किती हे बघावं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे हे आकडे प्रसिद्ध होत असतात. आम्ही कर्मचारी ते वाचत नाही, गुंतवणूकदार मात्र न चुकता वाचतात.

दुसरं कारण आशेचं: "कंपनी सावरेल." सावरतात, खरंच सावरतात. आयबीएमला १९९३ मध्ये सुमारे आठ अब्ज डॉलर तोटा झाला होता, कंपनीचे तुकडे करायची तयारी चालली होती. त्या वर्षी लू गर्स्टनर प्रमुख म्हणून बाहेरून आले, तुकडे करण्याचा बेत त्यांनी मोडीत काढला आणि पुढच्या काही वर्षांत कंपनी उभी राहिली. ही गोष्ट धीर देण्यासाठी सांगितली जाते. तिचा दुसरा भाग असा, की ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आयबीएमकडे चार लाखांवर माणसं होती आणि १९९४ मध्ये ती दोन लाख वीस हजारांच्या आसपास उरली. कंपनी वाचली, त्यात जवळपास अर्धी माणसं नव्हती. कंपनीचं सावरणं आणि माझं सावरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. एक झाली म्हणजे दुसरी होईलच असं नाही, आणि एक झाली नाही म्हणून दुसरीही अडत नाही.

याच्याच पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. बुडतंय ते नेमकं काय? कंपनी, की मला येणारं काम? कोडॅकचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला, तरी कंपनी फिल्मला धरून राहिली आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९८८ च्या सुमारास तिथे जगभरात सुमारे १,४५,००० लोक काम करत होते. पण त्याच फिल्मच्या धंद्यातल्या फुजीफिल्मने फिल्मसाठी कमावलेलं रसायनशास्त्र एलसीडी पडद्यांच्या फिल्मकडे वळवलं आणि पुढे त्वचेच्या प्रसाधनांकडेही. म्हणजे फिल्मचा बाजार गेला, तरी फिल्म बनवणाऱ्याच्या हातातलं ज्ञान मेलं नव्हतं. त्याला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं. मी स्वतःला हे विचारलं, तेव्हा उत्तर दोन भागांत आलं. आमची विशिष्ट जुनी प्रणाली उद्या कुणालाही नको असेल. पण कोट्यवधी व्यवहारांचा हिशेब एका पैशाचाही फरक न पडता कसा जुळवायचा, ही समज जगात कुठेही लागणार आहे. हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

उरलेल्या अर्ध्या भीतीसाठी मला एका जुन्या संभाषणाचा आधार झाला. १९८५ मध्ये इंटेल मेमरी चिपच्या धंद्यात जपानी कंपन्यांपुढे हरत होती. मेमरी हीच इंटेलची ओळख होती, त्यामुळे ती सोडायची हे बोलायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, की आपल्याला इथून हाकललं आणि संचालक मंडळाने नवा प्रमुख आणला, तर तो काय करेल? मूर म्हणाले, तो आपल्याला मेमरीतून बाहेर काढेल. मग ग्रोव्ह म्हणाले, आपणच दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येऊ आणि ते करू. त्यांनी तसं केलं. त्या निर्णयापायी कारखाने बंद झाले आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हेही तितकंच खरं. आणि २०२४ मध्ये त्याच इंटेलने पंधरा हजारांहून जास्त लोक कमी करण्याचं जाहीर केलं. कंपनी इतक्या थंड डोक्याने स्वतःकडे बघू शकते, तर तिथे काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या नोकरीकडे तसं का बघू नये? आज माझ्याकडे ही नोकरी नाही, मी बाहेर उभी आहे, आणि कुणीतरी मला हीच खुर्ची, हाच पगार, हीच टीम, हेच काम आणि हीच अनिश्चितता देऊ केली. मी घेईन का?

थांबणं म्हणजे काहीच न करणं, असं आपण धरून चालतो. राजीनामा हा निर्णय, आणि न दिलेला राजीनामा म्हणजे नुसता दिवस. माझं म्हणणं याच्या उलट आहे. पडत्या काळात थांबणं हे दर वेळी नव्याने रुजू होण्यासारखं आहे, आणि रुजू होताना आपण जेवढे प्रश्न विचारतो तेवढे थांबतानाही विचारायला हवेत. मी कुणाच्या हाताखाली आहे? इथे या वर्षी मी काय शिकणार आहे? जे करते आहे त्याचा कुणाला उपयोग आहे का? सवयीने थांबलेल्या माणसाला पहिल्या फेरीनंतर वाटतं, आता संपलं. दुसऱ्या फेरीनंतर तो थकतो. तिसऱ्या फेरीपर्यंत त्याने नवं काही शिकणं थांबवलेलं असतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलेलं नसतं.

याला आकड्यांचाही आधार आहे. जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कंपनीत दीर्घकाळ काढून, ती अडचणीत आल्यावर बाहेर पडावं लागलेल्यांची कमाई दीर्घकाळ वर्षाला सरासरी २५ टक्क्यांनी कमी राहिली. मला त्यातली जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे कमाईची ही घसरण नोकरी जाण्याच्या आधीपासूनच सुरू झालेली होती. नोकरी टिकली म्हणजे आपण टिकलो, असं ते नसतं.

यावरून कुणी उद्याच राजीनामा द्यावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. भीतीने घेतलेली पहिली उडी पुष्कळदा आगीतून फुफाट्यात नेते. घरात एकाच्याच पगारावर सगळं चालत असेल, कर्जाचे हप्ते असतील, कुणाचं आजारपण कंपनीच्या विम्यावर चाललेलं असेल, परक्या देशात राहायची परवानगीच या नोकरीला बांधलेली असेल, तर थांबणं हेच शहाणपण. त्यासाठी कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही आणि कुणी त्याला धाडसाचे धडे देऊ नयेत. एवढंच, की गरजेपोटी थांबलेल्याने त्याला निष्ठा म्हणू नये. गरज म्हटलं की ती किती दिवसांची आहे हे मोजता येतं, आणि तोवर पैसे बाजूला टाकता येतात, ओळखी ताज्या ठेवता येतात, करारातली नोटीसची कलमं वाचून ठेवता येतात. निष्ठा म्हटलं की मोजायचं कुणाला सुचतच नाही.

निष्ठेबद्दल माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच ती कुणावर ठेवायची हे बघून ठरवावं. कंपनी जाणाऱ्यांना कशी वागवते, ही माझी कसोटी आहे. नोकियाने २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद केला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, बहिष्काराची भाषा झाली. त्यातून धडा घेऊन २०११ च्या मोठ्या कपातीत त्यांनी 'ब्रिज' नावाची योजना तेरा देशांत चालवली. नोकरी जाणार हे लोकांना बरंच आधी सांगितलं, आत किंवा बाहेर दुसरं काम शोधायला मदत केली, नवं शिकायला वाट दिली, ज्यांना स्वतःचा उद्योग काढायचा होता त्यांना सुरुवातीचं भांडवलही दिलं. फोनचा धंदा त्याने वाचला नाही. पण माणसांना आपल्या पायांवर चालत बाहेर पडता आलं. जोएल ब्रॉकनर हे संशोधक ऐंशीच्या दशकापासून सांगत आले आहेत, की उरलेले लोक कामाला लागतात की नाही हे गेलेल्यांना न्यायाने वागवलं का यावर बरंचसं अवलंबून असतं. आमच्याकडे पंधरा मिनिटांची, विषय न लिहिलेली मीटिंग कॅलेंडरमध्ये पडायची. ती संपायच्या आत त्या माणसाचं लॉगिन बंद झालेलं असायचं. ज्या बाईंनी मला फोनवर तो क्रम समजावला, त्यांना हँडओव्हरसाठी एक दुपारसुद्धा दिली गेली नव्हती. या कंपनीवर माझी निष्ठा त्या दिवशी संपली. त्या बाईंवर, माझ्या टीमवर आणि ज्यांचे हिशेब आम्ही जुळवतो त्या लोकांवर ती अजून आहे, आणि ती ठेवण्यासाठी मला कंपनीची गरज काही काळच लागणार आहे.

माझ्या टीममधल्या एका तरुण मुलाने मला विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही थांबणार असाल तर मीही थांबतो." मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे बघून ठरवू नकोस. तू बाहेर उभा आहेस असं समज आणि तुझं आजचं काम तुला कुणी देऊ केलंय असं धर." त्याला विचार करायला फार वेळ लागला नाही. त्याच्या वाट्याला सहा महिने नुसती बंद होत चाललेल्या प्रॉडक्टची देखभाल आली होती, आणि ज्यांच्याकडून शिकायचं ते सगळे गेलेले होते. त्याने दुसरीकडे मुलाखती दिल्या, जागा मिळवली आणि राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्याने माझ्याकडे दहा पानी हँडओव्हर सोपवला, कुणी मागितला नसताना.

माझं उत्तर वेगळं आलं. ती जुनी प्रणाली नव्या प्रणालीवर हलवण्याचं काम माझ्याकडे आहे आणि ते मला बाहेरून कुणी देऊ केलं असतं, तर मी आनंदाने घेतलं असतं. अशा कामातून जे शिकायला मिळतं ते क्वचितच मिळतं, आणि मी ते अर्ध्यावर टाकलं तर कुणाच्या तरी पैशांचा हिशेब चुकेल. म्हणून मी थांबले आहे. मॅनेजरला मी हे कारणासकट सांगितलं आहे आणि काम पूर्ण झाल्यावर थांबेन असं कुठलंही वचन दिलेलं नाही. घरी आम्ही पगाराशिवाय किती महिने निघतील याचा हिशेब करून ठेवला आहे. त्या प्रणालीतली प्रत्येक पायरी तशी का आहे, हे मी रोज थोडं थोडं लिहून काढते आहे, आणि माथ्यावर माझ्या नावासोबत आणखी दोघांची नावं घातली आहेत, त्या दोघांना शेजारी बसवून सगळं समजावल्यानंतरच. पुढची यादी लागायच्या आत तिसऱ्यालाही तयार करायचं आहे.